हात पोचत नाही ती जागा

घोसाळ्याची वाळलेली जाळी हातात घेतल्यावर काही घेतल्यासारखे वाटतच नाही, इतकी ती हलकी असते—आणि तरीही आज सकाळी खिडकीच्या खिळ्यावरून ती काढताना हात्सुनोला वाटले, हिचे वजन वाढले आहे. रात्रभर समुद्राकडून दमट वारा येत होता, पाणी प्यायली असेल... तिने ती पिळून पाहिली. थेंबही आला नाही. मग उजेडात धरली. वरचे तंतू पिवळसर, स्वच्छ. पण आत, जिथे एकेकाळी बिया होत्या त्या पोकळ्यांत, काळी भुकटी बसली होती—रोज संध्याकाळी कढत पाण्याने धुऊनही न निघालेली, महिन्यामहिन्यांची. कोळसा. कामेओच्या पाठीवरचा. नवऱ्याची पाठ या जाळीत थोडी थोडी येऊन राहिली आहे, आणि वजन वाढलेच असेल तर ते तिचे, असे काहीतरी तिच्या मनात आले, आणि तिला बरे वाटले. हल्ली बरे वाटावे अशा गोष्टी फार उरल्या नव्हत्या.

खाणीतून वर आलेला माणूस खाणीच्या तोंडाशी असलेल्या न्हाणीघरात अंग धुऊनच घरी येतो. कोळशाची धूळ घामात मुरते, कातडीत शिरते. छाती, हात, पाय ज्याचे त्याला घासता येतात, पण पाठीला दुसऱ्याचा हात लागतो. पंचा तिरका धरून कितीही ओढला तरी मानेखाली, दोन खवाट्यांच्या मधे, एक तुकडा काळाच राहतो. म्हणून न्हाणीघरात रांगेने बसतात, पुढच्याची पाठ मागचा घासतो, मग सगळे फिरतात आणि ज्याने घासली त्याची घासतात. कुणी कुणाला ‘घास’ म्हणत नाही. मुकादम असो, नवशिका असो, काल भांडलेला असो. निदान संपाआधी तरी असेच होते.

आता कामेओच्या पाळीत जुन्या युनियनचा तो एकटाच होता. संप मोडल्यावर कंपनीने जुन्या युनियनची माणसे अशीच पेरली होती, एका पाळीत एक, फार तर दोन, आणि त्यांना कोळशाला हात लावू न देता गटारे उपसायला, मोडके रूळ गोळा करायला लावले होते. बाकी सगळे नव्या युनियनचे. संप चालू असताना, वसंतात, एका पहाटे फुटून बाहेर पडलेले आणि मग पोलिसांच्या रांगांमधून खाणीत उतरलेले. ते कामेओची पाठ घासणार नव्हते आणि कामेओ त्यांना हात लावू देणार नव्हता. म्हणून तो घरी यायचा तेव्हा पाठीवर काळी पट्टी असायची. चाळीतल्या जुन्या युनियनच्या सगळ्याच पुरुषांच्या पाठीवर असायची. पहिल्या पहिल्यांदा बायकांना ती पाहून रडू यायचे. मग राग यायला लागला. आणि मग—केव्हा कोण जाणे—अभिमान. उन्हाळ्यात पुरुष उघड्या अंगाने ओट्यावर बसले की पाठी बघून सांगता यायचे, हा आपला, हा त्यांचा. ज्याची पाठ स्वच्छ, त्याने काहीतरी विकले होते.

आणि संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या मातीच्या जमिनीवर घंगाळ ठेवून, कामेओ तिच्याकडे पाठ करून बसायचा. ती पाणी ओतायची, जाळी धरायची, घासायची. शेवटी तो एवढेच विचारायचा, ‘निघाली?’ आणि ती म्हणायची, ‘निघाली.’ लग्नाला अठरा वर्षे झाली होती. पण या वर्षात या दोन शब्दांत त्यांचे जेवढे बोलणे झाले तेवढे आधीच्या सतरांत झाले नव्हते, असे तिला वाटत असे. माझा संप अजून चालूच आहे, असेही तिला वाटत असे. पुढाऱ्यांनी संप मिटवायच्या कागदावर सह्या केल्या असतील, मी नाही केली.

जाळी तिने परत खिळ्याला लावली. आणखी महिनाभर चालेल. नवी घोसाळी तयार होतच होती. बाहेर पन्हाळीवरून चार लोंबत होती, देठाशी तांबूस पडलेली, जून. वेल मात्र तिचा नव्हता. वेल शेजारच्या इसानोचा. दरवर्षी इसानो आपल्या बाजूला बी टोचायची आणि दोघी मिळून दोन्ही घरांच्या वळचणीला सुतळ्या बांधायच्या. संपाच्या वसंतात हात्सुनोने आपल्या बाजूच्या सुतळ्या विळीने कापून टाकल्या होत्या. तरी वेल आला; पन्हाळीच्या पत्र्याला धरून, तिच्या खिडकीवर. ‘तोडून टाक,’ कामेओ म्हणाला होता. तिने तोडला नाही. आपल्या बाजूला लोंबते ते आपले, असा तिने स्वतःशी निवाडा केला होता, आणि या निवाड्याची तिला थोडी लाजही वाटत असे.

नळावर गेली तेव्हा ताझुकोताई आधीच कपडे घेऊन बसली होती. ताझुकोताई म्हणजे महिला मंडळाची प्रमुख. संपात पोलिसांच्या ढालींसमोर बायकांना ओळीने बसवणारी ती हीच. अजून तिच्या आवाजात कर्णा होता.

‘ये गं हात्सुनो! तुझ्या नवऱ्याच्या पट्टीचंच चाललं होतं. काल ओट्यावर बसले होते बघ—काय ती पट्टी बाई! सुतारानं दोरी मारून आखल्यासारखी. आमच्या ह्यांची बघ, मांजर शाईत लोळल्यासारखी.’

‘कामेओभाऊजींना शिस्त भारी,’ कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले. ‘रेघ मारून खोदत असतील कोळसा.’

‘कोळसा कुठे खोदू देतात त्यांना! गटार खोदतात. रेघ मारून.’

सगळ्या हसल्या. हात्सुनोही हसली. हसताना नळाखाली बादली धरून ती मनात म्हणत होती, हो, आखल्यासारखीच आहे, हे मात्र खरे... आणि तिला त्या रेघेचा गर्व वाटला. जणू ती सरळ रेघ त्याच्या स्वभावातूनच पाठीवर उमटली होती.

हसणे एकदम थांबले. इसानो आली होती. तिच्या हातात दोन बादल्या होत्या आणि काखेत कपड्यांचे बोचके. नळाभोवतीच्या बायकांच्या पाठी थोड्या एकमेकींजवळ सरकल्या, गाई पावसात सरकतात तशा. इसानो थांबली. तिला थांबायची सवय झाली होती. दीड वर्षात तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते, आणि हात्सुनोने ते जवळून पाहिले नव्हते, भिंतीच्या फटीतून, दाराच्या फटीतून पाहिले होते.

‘हात्सुनो,’ इसानो म्हणाली. सरळ नावाने. ‘घोसाळी जून झालीत. तुझ्या पन्हाळीवरची उतरव, नाहीतर वेलावरच कुजतील.’

हात्सुनो पाण्याकडे बघत राहिली.

‘कुठे कुत्रं भुंकतंय का गं?’ ताझुकोताई आकाशाला म्हणाली.

‘भुंकतंय खरं,’ इसानो म्हणाली. ‘पण ओळखीच्या माणसावर दात विचकू नयेत एवढी अक्कल आहे त्याला.’

कुणीतरी हसू दाबले. ताझुकोताईच्या हातातला कपडा दगडावर जोरात आपटला. तेवढ्यात इसानो आणखी एक पाऊल पुढे आली, आणि आवाज उतरवून, जणू नळावर त्या दोघीच होत्या अशी, म्हणाली, ‘अगं, अजून किती दिवस? ते दोघं तर—’ आणि थांबली. ताझुकोताईने मान वळवली होती. इसानोने बादल्या उचलल्या, रिकाम्याच, आणि ती खालच्या चाळीच्या नळाकडे चालू लागली.

ते दोघं तर...

घरी येऊन मुळ्याच्या चकत्या मिठात दाबून ठेवताना ते अर्धे वाक्य हात्सुनोच्या डोक्यात घोंगावत राहिले. ते दोघं तर भाऊ होते, म्हणायचे असेल तिला. ते दोघं तर एकाच कोळशाखाली पुरले गेले होते. हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. ते सांगून काय उपयोग?... कामेओ आणि इसानोचा नवरा यासुकिची एका पाळीचे, आजही; पूर्वी जोडीने खोरे चालवणारे. फार वर्षांपूर्वी छत कोसळले तेव्हा दोघे आत अडकले होते; यासुकिचीचे हात मोकळे होते, कामेओ कमरेपर्यंत गाडला गेला होता; यासुकिचीने त्याला नखांनी उकरून बाहेर काढला. त्या दिवसापासून न्हाणीघरात कामेओच्या पाठीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. यासुकिचीचा पंजा रुंद, डाव्या हाताचे मधले बोट पेरापासून गेलेले. तो घासताना सगळ्यात शेवटी ओल्या तळव्याने दोनदा थोपटतो, कामेओ सांगायचा, बैलाला थोपटावे तसे, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे येत असे ते हात्सुनोकडे बघताना कधी आले नव्हते. तिला त्याचा मत्सर वाटला नाही. तिलाही इसानो होती.

आणि मग ती पहाट. चाळीत कुणीतरी धावत ओरडत गेले—फुटले, फुटले! यासुकिचीच्या दारावरची आपल्या युनियनची पाटी निघाली होती. कामेओ दारात उभा राहून त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होता. ‘यानं मला कोळशातून ओढून काढलं होतं,’ तो म्हणाला, ‘आज याच हातांनी परत आत ढकललं.’ भिंतीपलीकडे इसानो रडत होती. भिंत म्हणजे काय, दोन फळ्या आणि मधे चिखल. पूर्वी हात्सुनो पळीच्या दांड्याने त्या भिंतीवर ठोकायची आणि पलीकडून इसानो ठोकायची. मग कुणाकडे सोयाबीनचा मिसो संपलेला असायचा, कुणाला नुसतेच बोलायचे असायचे. त्या पहाटे पळी हात्सुनोच्या हातातच होती.

तिने ठोकले नाही. का नाही ठोकले? भीतीने नाही; हे तिला आजही ठामपणे सांगता येईल. तिचा विश्वास होता. आणि विश्वास ही तिच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती. युद्धात, इतर बायकांबरोबर बांबूचे भाले घेऊन शाळेच्या पटांगणात कवायत करताना, तिने पहिल्यांदा असाच पुरा विश्वास टाकला होता. मग त्याच पटांगणात रेडिओतून, हरल्याचे सांगणारा, सम्राटांचा तो बारीक, न समजणारा आवाज आला, आणि भाले कुठे ठेवायचे हेसुद्धा कुणी सांगितले नाही. ज्या मास्तरांनी मरायला शिकवले त्यांनीच महिन्याभरात लोकशाही शिकवायला घेतली, त्याच फळ्यावर, त्याच खडूने. तेव्हा तिने ठरवले होते, पुन्हा नाही. पुन्हा कुणाच्या मागे जायचे नाही... आणि मग युनियन आली. युनियनमध्ये तिला कुणी मागे ये म्हटले नाही, बोल म्हटले. सासूसमोर मान वर न केलेली ती, कर्ण्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारले, ‘आमची माणसं खाली मरतात तेव्हा कंपनीची माणसं कुठे असतात?’ आपला आवाज चाळींवरून फिरून परत आपल्याच कानांवर आला तेव्हा तिला वाटले होते, ही मी आहे. इतकी वर्षे मी कुठे होते?

त्या वर्षी सगळा देशच रस्त्यावर होता. टोकियोत अमेरिकेबरोबरच्या लष्करी कराराविरुद्ध माणसांचे लोंढे चालत होते, आणि तिथली पोरे-पोरी आगगाडीने इथे येऊन त्यांच्याबरोबर हातात हात गुंफून गाणी म्हणत होती. एक चष्मेवाली मुलगी तिच्या घरी राहिली, बार्लीचा भात जेवली, जाताना रडली. करार तर झालाच. मुलगी परत आली नाही. वरच्या पुढाऱ्यांनी, मोठ्या शहरात, बंद खोलीत, मध्यस्थांचा निवाडा पत्करला, आणि ज्यांना कामावरून काढू नये म्हणून वर्षभर भात कमी खाल्ला त्यांना काढलेच. आता जग तेलावर चालणार आहे, कोळशाचे दिवस संपले, असे वर्तमानपत्रात येते. असेल. पण हे सगळे लांबचे. लांबच्यांनी फसवले तर ते सोसता येते. सोसता येते ते जवळ एक पाठ आहे म्हणून, रोज संध्याकाळी येणारी, न विकलेली.

आणि म्हातारी गेली तेव्हासुद्धा...

मुळ्यावर दगड ठेवता ठेवता तिचा हात थांबला. दगड. संपाच्या भर उन्हाळ्यात यासुकिचीची आई गेली. ओयोने तिचे नाव; हात्सुनोच्या मुलीची, किनुएची, नाळ तिने कापली होती. किनुए आता ओसाकाला गिरणीत आहे. म्हातारी गेली त्या सकाळी चाळीतले एक दार उघडले नाही. हात्सुनो कामेओजवळ गेली होती.

‘जाऊ का? नुसतं उदबत्ती लावून येते.’

‘नाही.’

‘अहो, गावात वाळीत टाकतात तेव्हासुद्धा आग लागली अन् माणूस मेलं की जातात. ह्या दोन गोष्टी सोडून बाकी सगळं तोडतात.’

‘गाव वेगळं. इथं आपण वाळीत टाकलेलं नाही, त्यांनी आपल्याला विकलंय.’ तो तिच्याकडे बघत नव्हता. ‘तू त्या घराची पायरी चढलीस तर मी उद्या कुठल्या तोंडानं धरण्याच्या रांगेत बसू? हात्सुनो, ह्या घरातून कुणी तिकडे जाणार नाही. तू नाही, मी नाही.’

तू नाही, मी नाही. तेव्हा त्या वाक्यातल्या ‘मी’ने तिला धरून ठेवले होते. त्याला किती जड जात असेल—यासुकिचीच्या आईने त्यालाही कितीदा जेवू घातले होते—आणि तो नाही म्हणतो आहे, तर मी कोण? ती भिंतीला पाठ लावून बसली. पलीकडे शवपेटीच्या झाकणावर दगडाने खिळे ठोकत होते. प्रत्येक घाव भिंतीतून तिच्या मणक्यात आला. नंतर पेटी उचलायला चाळीतले कुणी नव्हते, बाहेरची नवी युनियनवाली माणसे आली, आणि ती पायरीवर चुकली, पेटी दाराला आपटली, आणि इसानोचा आवाज आला, ‘हळू, अहो, हळू... तिला दुखेल.’

त्या आवाजाला हात्सुनोने अजून उत्तर दिलेले नाही.

सूर्य बोगद्याच्या टेकडीमागे गेला तेव्हा कामेओ आला. दार सरकवायची त्याची एक पद्धत आहे. आधी अर्धे, मग थांबून उरलेले. डबा ठेवला, पंचा दांडीवर टाकला, मातीच्या जमिनीवर उतरला, सदरा काढला, घंगाळापुढे तिच्याकडे पाठ करून बसला. रोजच्यासारखे. तिने किटली उचलली, खिळ्यावरची जाळी घेतली, गुडघे टेकले.

पाठ स्वच्छ होती.

आधी तिला वाटले उजेड कमी आहे. तिने किटली खाली ठेवली, दिव्याची दोरी ओढली. दिवा लागला. मानेखाली, खवाट्यांच्या मधे, जिथे गेले कितीतरी महिने ती काळी पट्टी असायची तिथे नुसती कातडी होती. घासून तांबूस झालेली, मधे जुन्या जखमेचा पांढरा व्रण, एक तीळ. हा तीळ उजेडात आपण पहिल्यांदाच बघतो आहोत, इतकाच विचार तिच्या मनात आला, आणि तो विचार मूर्खासारखा तिथेच उभा राहिला.

‘काय गं?’ कामेओ म्हणाला. ‘पाणी तापलं नाही का?’

‘तापलंय.’

‘मग घास. आज लई धूळ होती.’

आणि तेव्हा तिच्या लक्षात आले की त्याला माहीत नाही. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही.

ती थोडी पुढे वाकली. वास आला. कोळशाचा नाही, खाणीतल्या साबणाचाही नाही. भाताचा कोंडा आणि वाळवलेल्या ईडलिंबाची साल. इसानो कापडाच्या तुकड्यात कोंडा आणि साल घालून पुरचुंडी शिवते; यासुकिचीच्या अंगाला साबण सोसत नाही म्हणून. तीच पुरचुंडी तो न्हाणीला नेतो. दरवर्षी थंडीत एक हात्सुनोलाही मिळायची... हा वास तिला या उन्हाळ्यात कितीदा आला होता, याच जागी, याच वेळी, आणि दर वेळी तिला वाटायचे, भिंतीतून येतो आहे. भिंतीला तिने किती दोष दिला!

आज कुणीतरी चुकले होते. यासुकिचीच. बोलता बोलता असेल, कशाच्या तरी विचारात असेल. हात जुन्या सवयीने फिरला असेल, मानेपासून कमरेपर्यंत, काही न सोडता. म्हणजे रोज सोडत होता. रोज तो घासायचा आणि रोज पंजाएवढी जागा सोडायचा—पंजाएवढीच, कारण त्याने त्या जागेवर पंजा ठेवला असेल; आणि कामेओ म्हणाला असेल, इथे नाही, एवढे राहू दे, घरी बघतात. म्हणून ती रेघ सरळ होती. बाकीच्यांच्या पाठीवर पंचा तिरका ओढून राहिलेला वेडावाकडा डाग, पतंगासारखा; आणि तिच्या नवऱ्याच्या पाठीवर सुताराने आखलेली पट्टी. सगळ्या चाळीने पाहिली होती, हसली होती, आणि कुणाच्या लक्षात आले नव्हते की स्वतःच्या पाठीवर कुणालाच सरळ रेघ मारता येत नाही.

‘आज कुणी...’ तिचा आवाज बरोबर आला, याचे तिला आश्चर्य वाटले. ‘आज कुणी जवळ बसलं का?’

‘कोण बसतंय! पाठ फिरवून बसतात लेकाचे.’

‘तोही?’

तो किंचित थांबला. दार सरकवताना थांबतो तेवढाच. ‘कोण तोही?’

‘पलीकडचा.’

‘त्याचं नाव काढू नकोस,’ कामेओ म्हणाला.

तिने कढत पाणी ओतले. त्याने सुखाने मान खाली घातली. तिने जाळी टेकवली आणि ती घासू लागली, स्वच्छ कातडीवर, त्याच जागी, वरून खाली, रोजच्या वेगाने.

तो नव्या युनियनमध्ये गेला नव्हता. तसे असते तर सोपे झाले असते. मग हा फुटला म्हणता आले असते, ताझुकोताईकडे जाऊन रडता आले असते. नाही, तो जुन्याच युनियनचा आहे, उद्याही गटारेच उपसणार आहे, त्यातले काही खोटे नाही. त्याने फक्त आपला मित्र ठेवून घेतला. त्याने ठेवला... आणि मला सांगितले, तू नाही, मी नाही. मी म्हातारीची उदबत्ती राहू दिली. मी सुतळ्या कापल्या. मी ज्या बाईबरोबर एका पळीने बोलत होते तिला मी कुत्रे म्हणू दिले, आजसुद्धा, सकाळी, पाण्याकडे बघत. आणि हे दोघे तिकडे वाफेत, एकामागे एक... शेवटी दोनदा थोपटतही असेल. किती दिवस? हिवाळ्यापासून? म्हातारीच्या वर्षश्राद्धाला हा न्हाणीत त्याच्यापाशी काही बोलला असेल का? बोलला असेलच. दोन शब्द. ते मला नकोत का?

रोज संध्याकाळी मी जी पट्टी घासत होते ती माझ्यासाठी ठेवलेली होती. संपातला माझा वाटा म्हणून. रडणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी द्यावे तशी.

कुणी फसवले, हे तिला ओळीने आठवायला लागले: रेडिओतला तो बारीक आवाज, फळ्यापुढचे मास्तर, बंद खोलीतले पुढारी, रडून गेलेली चष्मेवाली मुलगी. पण ते सगळे तिच्यासमोर तोंड करून बोलले होते. हा पाठ करून बसला होता. आणि तिचा विश्वास बसला तो पाठीवर. तोंडे बदलतात, पाठ बदलत नाही, असे ती समजून चालली होती.

ते दोघं तर—

हात क्षणभर थांबला. म्हणजे इसानोला माहीत आहे. पुरचुंडी दुप्पट वेगाने झिजते हे ती शिवणाऱ्या बाईला कळल्याशिवाय कसे राहील? की तिलाही आताच कुठे कळले? की तिलाही आपल्याचसारखे वाटले असेल—संध्याकाळी, नवऱ्याच्या पंच्याचा वास घेताना? दीड वर्ष ती रिकाम्या बादल्या घेऊन थांबली, ते कशासाठी? आणि आज तिने नावाने हाक मारली.

भिंतीपलीकडे चुलीवर झाकण वाजले. पाणी ओतल्याचा आवाज. मग शांत. त्या शांततेत तिथेही कुणीतरी हात थांबवून उभे आहे असे हात्सुनोला वाटले; पण तसे वाटायला काही आधार नव्हता, आणि आधार नसलेले आता तिला काहीही मानायचे नव्हते. पळी हाताच्या अंतरावर, खुंटीला होती. तिने तिच्याकडे पाहिले. तिच्या आतून जे वर येत होते ते रागासारखे गरम होते. पण त्याला कुठल्या बाजूला जायचे हे कळत नव्हते, भिंतीकडे की या वाकलेल्या मानेकडे. तिला एवढेच कळत होते की तिच्या स्वतःच्या पाठीवर, अगदी त्याच जागी, जिथे आपला हात पोचत नाही, काहीतरी गार होत चालले आहे, आणि तिथे दीड वर्षात ओळखीचा हात फिरलेला नाही.

कातडी लाल झाली होती. कामेओने खांदे हलवले.

‘निघाली?’

जाळीतून पाणी तिच्या मनगटावर उतरले, स्वच्छ, नितळ. तिने ते खाली ठिबकू दिले.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘अजून आहे.’

आणि तो हलला नाही. तिने सांगितले ते त्याला खरे वाटले होते. त्याची पाठ तिच्या हाताखाली निर्धास्त वाकलेली होती, आणि त्या पाठीवर काय आहे नि काय नाही, हे या घरात आता फक्त तिला माहीत होते.